दिव्याची मान

घड्याळजींना चित्रकलेचं वेड लागलं ते सत्तरीत, आणि तेही एका भिकार फोटोपायी. बायको जाऊन आठ महिने झाले होते. मागे तिचा एकच फोटो उरला होता, ओळखपत्रावरचा. समोरून फ्लॅश मारलेला, चेहरा ताटासारखा सपाट. ना गालाला खळगा, ना नाकाला सावली. "ही माझी बायको नव्हेच!" ते चिडून म्हणायचे. कोणाला म्हणायचे? भिंतीला. घरात दुसरं होतं कोण!

मग पठ्ठ्याने शिकवणीच लावली. हात थरथरायला लागायच्या आत तिचा चेहरा सावलीसकट, जिवंत काढायचा. बस्स, एवढं एकच मागणं होतं.

मास्तर त्यांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी एका जुन्या तैलचित्राची मोठी छापील प्रत समोर टांगली. मेणबत्तीच्या उजेडात म्हातारा पुस्तक वाचतोय, बाकी सगळा काळोख. "हुबेहूब उतरवा," मास्तर म्हणाले. "पण आधी अंधार नीट बघा. उजेड त्यातूनच निघतो."

बघतात कसले! जन्मभर मनगटी घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. डोळ्याला भिंग लावून भिडले ते थेट म्हाताऱ्याच्या बोटांना. नखावरचा उजेडाचा ठिपका जमवायला आठवडा घालवला. अंधाराचं काय, काळा रंग घेतला आणि थापला. असे तीन महिने गेले.

मास्तरांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "बोटं फर्मास झालीत. पण घड्याळजी, बाई कुठे गेली?"

"कुठली बाई?"

मास्तरांनी खिडकी सताड उघडली आणि छापील प्रतीवर बोट ठेवलं. टेबलापलीकडे, काळोखात, एक बाई बसली होती. तपकिरीत तपकिरी. मान वाकवलेली, हातात सुई.

"तीन महिने समोर बसलीय ती तुमच्या!" मास्तर हसले. घड्याळजींनी मात्र डोळ्याचं भिंग काढून ठेवलं.

घरी येऊन ते आपल्या टेबलाशी बसले. चाळीस वर्षं दोघांच्या संध्याकाळी याच टेबलाशी गेल्या. दिवा एकच, वाकत्या मानेचा, आणि ती मान सदा यांच्याकडे. बायको पलीकडे शिवत बसायची.

"अहो, जरा दिवा इकडे करा ना. सुईत दोरा जाईना."

"थांब गं, दोनच मिनिटं. स्प्रिंग उडेल."

ती दोन मिनिटं कधी संपलीच नाहीत. मग ती शिवण गुंडाळून ठेवायची आणि सकाळी खिडकीशी बसून पुरी करायची. तेव्हा हे दुकानात.

आता काढा म्हणे चेहरा! तिच्या गालावर सावली कुठे पडायची, हे आठवायला कधी मान वर करून पाहिलं होतं का? त्या फोटोवाल्याला उगाच शिव्या घातल्या. त्याने निदान तिच्यावर उजेड तरी टाकला होता.

घड्याळजींनी दिव्याची मान धरली. गंजलेली होती, करकरली, पण वळली.

"घे," ते समोरच्या खुर्चीला म्हणाले, "केला इकडे." आणि म्हातारा हमसून हमसून रडला.

डोळे पुसून पाहिलं, तर त्या खुर्चीच्या हाताचं कापड एका जागी सुया टोचून टोचून पार विरलं होतं. तेही त्यांना आजच दिसत होतं.