दाजींची दुपारची झोप

माझे दाजी माझ्याच हाताखाली कामाला होते. मोठ्या बहिणीचा नवरा, त्यामुळे मुकादम मी असलो तरी मान त्यांचा. बाकीच्यांना मी दरडावून सांगायचो, त्यांना "जरा बघा" म्हणायचो.

सांडपाण्याच्या नळासाठी दोन पुरुष खोल चर खणला होता. दोन्ही भिंतींना फळ्या आणि मध्ये आडवे टेकू लावत आम्ही पुढे सरकत होतो. वळणाजवळ फळ्या संपल्या. नवीन येईपर्यंत त्या टोकाला कुणी जायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. पण भर दुपारी सावली नेमकी तिथंच पडायची.

जेवणाच्या सुट्टीत दाजी दिसेनात. वरून बघितलं, तर त्या टोकाला तोंडावर रुमाल टाकून आडवे झालेले. आणि त्यांच्या डोक्यावर, काठाच्या कडेकडेनं, बोटभर रुंद भेग. सकाळी ती नव्हती.

काठाकडे धावलो असतो तर माझ्याच वजनानं भिंत खाली गेली असती. खाली उतरलो असतो तर एकाचे दोघं. जेसीबीवाला इंजिन सुरू करायच्या बेतात होता, हादरा नको म्हणून त्याला हातानंच थांबवलं. शिडी फळ्यांच्या भागात होती, तिथूनच हाक मारली.

"दाजी, वर या. भिंतीला भेग पडलीय."

"थांब रे. जेवण अंगावर आलंय."

"उठा म्हणतो ना."

"मेव्हण्या, तू मुकादम फळ्यांपर्यंत. इकडं मी दाजी."

माणसं हसली.

"बरं, झोपा. ताई आलीय. फाटकापाशी उभी आहे, कुठं आहेत विचारतेय."

रुमाल उडाला. दाजी झपाझप शिडीपाशी आले आणि केस सारखे करत वर चढले.

"कुठाय?"

"घरी."

ते खवळले. चार माणसांत माझी थट्टा करतोस का, म्हणाले. बोलता बोलताच टोकाची भिंत बसली. फार आवाज झाला नाही, पाठीवरचं पोतं टाकावं तेवढाच. झोपायची जागा छातीभर मातीनं भरली.

दाजी काठापासून दोन पावलं मागं सरकले. मग म्हणाले, "उद्या लागतील ना फळ्या?"

"लागतील. पण तुम्ही येऊ नका."

"मुकादम म्हणून सांगतोस?"

"ताईचा भाऊ म्हणून."

त्यांना पुढं रंगकाम मिळालं. नवऱ्याला भावानंच कामावरून काढलं म्हणून ताई बरेच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. दाजींनी तिला कारण सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही.