शेऱ्याचा रकाना

गंगासागरनं चार घड्यांचा कागद कीबोर्डवर उलगडून ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"हे कुणी लिहिलं, सर?"

'तीन महिन्यांत नवऱ्याने परत पाठविली. स्वभाव तापट. सासरी टिकली नाही.'

केदारनाथनं ओळ वाचली आणि त्याचे कान तापले. समाजाच्या वधू-वर मंडळाचं संकेतस्थळ त्यानंच, घाटनांदूरच्या या माडीवरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून, उभं केलं होतं. दोनशे बारा मुलामुलींची माहिती महिनाभर खपून भरली होती. नाव, शिक्षण, गाव, फोटो. प्रत्येक नावाखाली शेऱ्याचा एक रकाना होता. तो फक्त मंडळाच्या पाच कार्यकर्त्यांना दिसण्यापुरता. कोणता मजकूर कुणाला दिसावा, हे प्रत्येक पानावर वेगळं ठरवावं लागे. पहिली चाळीस पानं त्यानं तसं नेमानं केलं. मग उद्घाटनाची तारीख तोंडावर आली तेव्हा उरलेली सगळी पानं एकदम निवडून त्यानं सर्वांसाठी खुली करून टाकली. उद्घाटनाला त्याच्या अंगावर शाल पडली, फेटा बांधला गेला. शेरे उघडे राहिले आहेत, हे त्याला आज आठव्या दिवशी कळत होतं.

"लातूरच्या मावशीच्या पोरानं कॅफेत काढलाय हा कागद," गंगासागर म्हणाली. "सोलापूरचे पाहुणे रविवारी बघायला येणार होते. येत न्हाई म्हणाले. कावून, ते सांगितलं न्हाई. ह्या कागदावरून आमाला उमगलं."

तिच्या मागं तिचे वडील चन्नप्पा उभे होते. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. ते खिडकीच्या गजांकडं बघत होते.

"कॉम्प्युटरची काहीतरी गडबड झाली," केदारनाथ म्हणाला.

"गडबडीत दिसलं आसंल. पण कॉम्प्युटरला माझा स्वभाव कुणी सांगितला?"

दोन महिन्यांपूर्वी चन्नप्पा फॉर्म घेऊन एकटेच आले होते. याच खुर्चीवर बसून त्यांनी अर्धा कप चहा घेतला होता आणि आवाज खाली आणून म्हणाले होते, "केदार, खोटं सांगून पोरगी द्यायची न्हाई मला. पण सगळ्यांपुढं नको. तुमच्यापुरतं लिहून ठेव." मग ते सांगत गेले आणि केदारनाथ टाइप करत गेला. त्या ओळीतला एकही शब्द त्याचा नव्हता.

आत्ता चन्नप्पांनी नजर वळवली. क्षणभरच. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. एका वाक्यात केदारनाथ मोकळा झाला असता. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलंही.

"मी लिहिलं," तो म्हणाला. "इकडूनतिकडून ऐकलेलं."

बोलताना त्याला आतून जरा बरं वाटलं, आपण काही चांगलं केल्यासारखं. पुढं त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच बरं वाटण्याची.

चन्नप्पा बाकावर टेकले. "जाऊ दे गंगा. चूक झाली पोराच्या हातून," ते कुणाकडंच न बघता म्हणाले.

"पुसा ते," गंगासागर म्हणाली.

त्यानं पुसलं.

"आता मी सांगते ते लिहा. लोकांनी वाचलंय, नुसतं पुसून भागायचं न्हाई." ती पडद्याकडं बघत सावकाश सांगू लागली, "नवऱ्याने परत पाठविलेली नाही. स्वतः निघून आले."

त्यानं 'निघून आली' असं टाइप केलं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"आली न्हाई. आले."

त्यानं दुरुस्त केलं.

"कारण विचारणाऱ्यास समक्ष सांगेन. बस, येवढंच."

बाकावरून चन्नप्पांचा आवाज आला. "हे तू मला कवा सांगितलं न्हाईस."

"तुमी कवा विचारलं, अप्पा?"

चन्नप्पा उठले. स्कूटर काढतो म्हणाले आणि भिंतीला हात लावत जिना उतरून गेले.

गंगासागरनं कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्या.

"तुमी अप्पांना सांभाळून घेतलं," ती म्हणाली. "मला कळलं न्हाई आसं समजू नका. टिकली न्हाई, हे त्यांचंच बोलणं हाय. दुकानात साडीचा रंग गेला तरी तेच म्हणतात."

केदारनाथनं मान वर केली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला झालं. "मग तुम्हाला माझा राग..."

"अप्पा एकाच्या कानात बोलले, सर," ती म्हणाली. "गावाला वाचायला तुमी दिलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती जिना उतरली, खाली स्कूटर सुरू झाली आणि बाजाराच्या गलक्यात मिसळून गेली.

चारची बॅच आली तेव्हा त्यानं मुलांना दारातूनच माघारी पाठवलं. मग गंगासागरचं पान तेवढं सोडून एकेचाळिसाव्या पानापासून सुरुवात केली. पान उघडायचं, शेरा झाकायचा, पुढचं पान. झाकताना तो वाचत होता. कुणाच्या पाठीवर कोड होतं. कुणाचा बाप दारू पीत होता. एकीच्या फोटोत पाय दिसत नव्हते आणि ते का, हे रकान्यात लिहिलं होतं. ही सगळी माणसं त्याला बाजारात भेटत, हात जोडून शरणार्थ म्हणत. हे सगळं त्यानंच टाइप केलं होतं, चहा पीत, एखाद्या दिवशी शीळ वाजवत.

एकशे अठराव्या पानावर रुचिका आली. त्याची धाकटी बहीण. फोटो त्यानंच काढला होता, घराच्या गच्चीवर, उजेड बघून, चार वेळा. गेल्या वर्षी तिचा साखरपुडा होऊन मोडला, त्याच्या आदल्या वर्षीही एक मोडला होता. सगळ्या घाटनांदूरला ते ठाऊक होतं.

शेऱ्याचा रकाना कोरा होता. काही लपवावं असं तेव्हा त्याच्या मनातही आलं नव्हतं. तिच्याबद्दल तिथं काही लिहायचं असतं, हेच सुचलं नव्हतं.

त्याचा हात माऊसवर थांबून राहिला. त्या पानावर झाकण्यासारखं काहीच नव्हतं.