माघारी तीन खटके

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. इंजिन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे ट्रक किंवा शेतावरचा पंप आला असेल, तर तो आधी बाजूला सारा. मी तुमच्या मुठीत मावते. मी खेळातल्या विमानाचे इंजिन आहे; पण ‘खेळातले’ हा शब्द मला मुळीच आवडत नाही. माझा आवाज अख्ख्या शेणवे गावाला घराबाहेर काढतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात लेथवर झाला. तो कारखाना कधीच बंद पडला. भातसानगरला धरणावर मेकॅनिक असलेल्या देवरामांनी मला हौसेने घेतले. मेथेनॉलमध्ये कालवलेले एरंडेल हे माझे अन्न. एरंडेल म्हटले की तुम्ही तोंड वाकडे करता, पण माझ्या सांध्यांना तेल मिळते ते त्याच घोटातून. माझ्या गळ्याशी, म्हणजे कार्बोरेटरात, एक बारीक सुई आहे. ती आत फिरवली की घोट लहान होतो, बाहेर फिरवली की मोठा. माझे सगळे आयुष्य त्या सुईवर आहे.

देवरामांची रीत ठरलेली होती. मला पूर्ण वेगात सोडायचे, आवाज चढत चढत टोकाला जाईपर्यंत सुई आत घ्यायची, आणि मग खट, खट, खट, तीन खटके माघारी. आवाज किंचित उतरायचा आणि मागे धुराची निळसर रेघ दिसू लागायची. “धूर दिसला म्हंजी तेल पोचलं,” असे ते म्हणत. कॉलनीतली मुले माझ्यामागे धावत. मी तेव्हा फार मिजाशीत होते, हे कबूल करते.

पुढे काचबिंदूने देवरामांची दृष्टी गेली. मी बिस्किटांच्या डब्यात अकरा वर्षे पडून राहिले. पोटातले एरंडेल वाळून डिंकासारखे झाले आणि माझे सांधे धरले. मला राग आला होता. पण ज्याचे डोळेच गेले, त्याच्यावर रागवायचे तरी किती?

यंदाच्या जानेवारीत त्यांच्या मुलीने, वंदनाने, डबा उघडला. ती शाळेत विज्ञान शिकवते. दिवसदिवस न बोलणारे देवराम एकदाच म्हणाले होते, “त्याचा आवाज ऐकायचाय गो.” वंदनाने मला गरम पाण्यात बुडवून मोकळे केले. आतला दट्ट्या आणि त्याची नळी झिजून गेली होती. देवरामांनी जपून ठेवलेली एकच जोडी शिल्लक होती, ती बसवली. “ही जळली तर दुसरी नाय,” ते म्हणाले. “मग हे कायमचं मुकं.”

ते ऐकल्यापासून माझ्या जिवात जीव नव्हता.

रविवारी सकाळी मला विमानाच्या नाकावर बसवून सगळे माळावर जमले. शाळेची मुले बांधावर बसली. देवरामांना खुर्ची दिली, पण शेजारच्या शेतात मळणीयंत्र धडधडत होते, त्यात त्यांना दुसरे काही नीट ऐकू येत नव्हते. रिमोट वंदनाच्या हातात, आणि माझी सुई तिच्या नवऱ्याच्या, शेखरच्या बोटांत. शेखरचे मुरबाड रस्त्याला मोटरसायकलींचे गॅरेज आहे. हात कसबी, पण सवय गॅरेजची. गाडीने धूर सोडला की गिऱ्हाईक भांडते, म्हणून धूर दिसला की स्क्रू आवळायचा. मोटरसायकलीचे तेल वेगळे असते, माझे इंधनातच असते, हे त्या घाईत त्याच्या ध्यानातच राहिले नाही.

मी सुरू झाले. त्याने सुई आत घेतली. माझा आवाज चढला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो आणखी चढला. आता माघारी, आता माघारी, असे मी घशाच्या शिरा ताणून ओरडत होते, आणि सगळ्यांना वाटत होते मी गाते आहे!

“धूर दिसतोय का?” देवरामांनी विचारले. यंत्राच्या धडधडीत कोणी ऐकले नाही.

“धूर आहे का रे?” त्यांनी पुन्हा विचारले. कोणी उत्तर दिले नाही.

“वंदू, धूर?”

“गेला सगळा, मामा! एकदम क्लीन!” शेखर हसत सासऱ्यांना ओरडून म्हणाला आणि त्याने विमान हवेत सोडले.

देवराम ताडकन उठून उभे राहिले.

मी वर चढत होते. घसा कोरडा पडला. दट्ट्या नळीला घासू लागला. अंग इतके तापले की आता चिकटते, असे झाले. खाली पोती बदलायला मळणीयंत्र थांबले, आणि त्या शांततेत माझा फाटलेला आवाज देवरामांपर्यंत पोचला.

“जळतंय ते! वंदू, दम कमी कर! नाक खाली!”

“अहो मामा, मस्त चाललंय की!”

वंदनाने एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि रिमोटवरची दांडी सर्रकन खाली ओढली. माझा वेग पडला, विमान मुलांच्या डोक्यांवरून तरंगत गेले आणि भाताच्या धसकटात आपटले. पंखा मोडला. मी गप्प झाले.

देवरामांनी खांद्यावरचा टॉवेल हातांवर पसरला. “आण इकडं.”

त्यांनी मला टॉवेलात धरले आणि मोडक्या पंख्याचा तुकडा एका बोटाने हळूहळू फिरवला. नळी जळून सैल झाली असेल, तर तो कुठेच न अडता गरागरा फिरणार होता. अर्धा फेरा झाला. पाऊण झाला. आणि मग मी, जेवढा दम उरला होता तेवढा लावून, त्यांचे बोट मागे ढकलले.

“हाय,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. “दम हाय अजून.”

शेखर मान खाली घालून उभा होता. “चुकलं मामा. गाडीच समजलो मी.”

“शिकशील. दुसरा पंखा लाव. अन् बोट दे तुझं.” त्यांनी त्याचे बोट सुईवर ठेवले.

मी थंड झाल्यावर नवा पंखा लागला. मी पुन्हा सुरू झाले. आवाज टोकाला गेला, आणि शेखरने मोठ्याने मोजत तीन खटके माघारी घेतले. मी वर गेले. खाली देवरामांचा चेहरा मी जाईन तिकडे वळत होता. त्यांनी विचारायच्या आधीच शेखर ओरडला, “धूर आहे, मामा! निळा! तुमच्या डोक्यावरनं चाललाय!”

मित्रांनो, एवढेच सांगते. यंत्र असो की माणूस, त्याला टोकावर धावायला लावू नका. तीन खटके माघारी सोडा. कुणाचा आवाज चढला की लगेच टाळ्या वाजवू नका, आधी धूर आहे का ते बघा. आणि ज्याला दिसत नाही, त्याने एकदा विचारले की तेव्हाच उत्तर द्या.