औषधांच्या दोन वह्या

कुसाकाबे डॉक्टर माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसले, तेव्हा मला आतून उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मी या माणसाची वाट बघत होते.

जपानमधल्या आमच्या साकाता गावात औषधांची तपासणी सरकारी विम्यातून होते. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून औषधाच्या दुकानात आणायची, मग आम्ही एकेक पाकीट बघतो. डॉक्टरांनी पिशवी उपडी केली. झोपेची एकच गोळी दोन दवाखान्यांमधून, दोन नावांनी आलेली. इथं प्रत्येकाकडे औषधांच्या नोंदींची एक वही असते; यांच्या वहीत एकच दवाखाना होता.

"औषधांची दुसरी वही कुठंय?" मी विचारलं.

"एकच आहे."

"मला शेंड्या लावू नका, डॉक्टर."

त्यांनी कोटाच्या खिशातून दुसरी काढली. "पहिल्या डॉक्टरला वाईट वाटेल, म्हणून वेगळी केली हो."

माझ्या बाबांनीही हेच केलं होतं. दुसऱ्या दवाखान्यात गेले म्हणून त्यांचा डॉक्टर असलेल्या याच माणसानं त्यांना चारचौघांत झापलं होतं, त्या धाकानं. गोळी दुप्पट होतेय हे मला कळलं, पण डॉक्टर नको म्हणेपर्यंत बाबा ती सोडेनात. मी यांना फोन केला. "तोगाशीबाई, तुम्ही गोळ्या मोजा," म्हणाले आणि फोन आपटला. त्याच आठवड्यात बाबा न्हाणीघरात पडले. खुबा मोडला, अंथरूण धरलं आणि थंडी संपायच्या आत गेले.

मनात आलं, राहू दे दोन्ही गोळ्या. पडू दे यालाही. पण तेवढ्यावर हा सुटला असता. मी दोन्ही दवाखान्यांना फोन लावले, एक गोळी बंद करून घेतली आणि मग बाबांचं सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला खरंच ठाऊक नव्हतं," म्हणत त्यांनी टेबलाला कपाळ टेकवलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पुढच्या महिन्यात ते परत आले, हसतमुख. "काय तोगाशीबाई, वडील बरे आहेत ना?"

मी त्यांची पिशवी बाजूला ठेवली. मग दुसरी वही नीट वाचली. त्या दवाखान्यात ते विसरण्याच्या आजारासाठी जातात.

मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. चेहरा परत तसाच पडला, कपाळ परत टेबलाला टेकलं.

याला आता सात महिने झाले. दर महिन्याला ते पहिल्यांदाच ऐकतात, आणि मी एक शब्दही गाळत नाही.