रियाचं काही चुकलं का?

कुंभिवलीला हायवेच्या कडेला, टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर ‘सावलीशिवार’चं ऑफिस होतं. पळसदरीच्या पलीकडे डोंगरउतारावर वीकएंडच्या घरांसाठी प्लॉट विकायचे, हा त्यांचा धंदा. फोन घेणं, चहा सांगणं, साइटवर जाणारी गाडी ठरवणं ही कामं उज्वलाकडे होतीच. पण तिचं मुख्य काम रोज सकाळी ईमेल पाठवण्याचं. कुठल्यातरी प्रदर्शनात, मॉलच्या दारात, लकी ड्रॉच्या डब्यात ज्यांनी आपला पत्ता लिहून टाकला होता अशा हजारो माणसांना ती रोज पत्र लिही, आणि खाली सही असे, ‘तुमची रिया’. रिया नावाचं ऑफिसात कोणी नव्हतं. उज्वला हे नाव जुनाट वाटतं असं मालकीणबाईंचं, म्हणजे विनितामॅडमचं मत होतं. उज्वलाला त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही दिसलं नव्हतं. पगार उज्वलाच्याच नावावर जमा होत होता.

मध्यंतरी लोक भराभर यादीतून नाव काढून घ्यायला लागले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “दार बंद नाही करायचं, उज्वला. पण कडी जरा वर लाव.”

उज्वलाने लावली. नाव काढायची ओळ तिने पत्राच्या तळाशी, पांढऱ्यावर करड्या अक्षरात, मुंगीएवढी केली. ती सापडून कोणी दाबलीच तर आधी पासवर्ड मागायचा. पासवर्ड आठवला तर पुढच्या पानावर माणसाला नावाने हाक मारून विचारायचं, “खरंच निघालात? रियाचं काही चुकलं का?” त्याखाली मोठं हिरवं बटण: “नाही, मी थांबतो.” आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात: “हो, मला रियाची साथ सोडायची आहे.” हे वाक्य तिला एका दुपारी भाजी निवडताना सुचलं होतं. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, “तुझ्या हातात कला आहे.”

त्यानंतर जाणाऱ्यांची गळती थांबली.

एका सोमवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली आणि एक म्हातारा-म्हातारी वर आले. म्हातारबाबा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, बाईंच्या हातात कापडी पिशवी. नेरळहून दोन गाड्या बदलून आले होते. त्यांनी आपलं नाव धर्माजी सांगितलं, बाईंचं जानकीबाई, आणि विचारलं, “रिया मॅडम भेटतील का?”

उज्वलाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “रिया रजेवर आहे.”

“मग आमी थांबतो,” धर्माजी म्हणाले आणि बसले. जानकीबाईंनी पिशवीतून डबा काढून मांडीवर ठेवला.

उज्वलाने थोडा वेळ कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. डबा काही परत पिशवीत जाईना. शेवटी तिने विचारलं, “काम काय होतं?”

“निरोप घ्यायचा होता,” धर्माजी म्हणाले.

मग त्यांनी सगळं रीतसर सांगितलं. ते एस.टी.तून निवृत्त झालेले. पेन्शनच्या कामासाठी मुलाने, सुमितने, ईमेल उघडून दिला. सुमित पुण्याला असतो. पनवेलच्या एका प्रदर्शनात नाव-पत्ता लिहिला की पिशवी फुकट मिळत होती, म्हणून यांनी लिहिला. पिशवी चांगली निघाली. पण दुसऱ्या दिवसापासून रियाची पत्रं सुरू झाली.

“मी उत्तरं देत होतो,” धर्माजी म्हणाले. “प्लॉट नको हाय, तसदीबद्दल माफी, असं. त्यावर काय येत नाय. मग सुमित बोलला, का पार खाली बारीक अक्षरं असतात, ती दाबायची.”

“मग दाबली नाहीत का?”

“दाबली ना. सुमितनं पासवर्ड घालून दिला, मंग लय बारी दाबली. दर बारीला तिथनंच माघारी आलो.” त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर हिरवं बटण होतं आणि वर उज्वलाचं वाक्य. “आता हे बघा. पोरगी विचारते, माझं काय चुकलं का. आपण काय बोलायचं? हो बोलून चालतं व्हायचं? बरं दिसत नाय. बरं, तिचं चुकलंय असं पण नाय. पत्रं चांगली असतात. म्हणून म्हटलं, समक्ष जाऊन सांगावं.”

“आन् मला इचारायचं होतं,” जानकीबाई पहिल्यांदाच बोलल्या, “का कोण ही रिया, जी रोज सकाळी चहाच्या आधी आमच्या घरातल्या माणसाची आठवण काढत्ये.”

पत्रांतली आठवण उज्वला एकाच वेळी हजारो माणसांची काढत होती. त्यातल्या कोणाच्या बायकोला चहाच्या आधी काय वाटत असेल, याचा विचार तिने केला नव्हता. आपण लावलेली कडी बाहेरच्या माणसाला कशी दिसते, तेही तिने आजवर पाहिलं नव्हतं.

“रिया म्हणजे मीच,” ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. धर्माजी अर्धवट उठले आणि हात जोडून पुन्हा बसले. जानकीबाईंनी तिला केसापासून चपलेपर्यंत पाहून घेतलं.

“मग खरं नाव काय तुझं?”

“उज्वला.”

“कुठली गं?”

“खालापूरची.”

“चांगलं नाव हाय की. रिया कशाला व्हायचं?” जानकीबाईंनी डबा पिशवीत टाकला. त्यांचं काम झालं होतं.

धर्माजींचं राहिलं होतं. उज्वलाला यादीत नाव घालता येत होतं. काढायची सोय फक्त मॅडमच्या पासवर्डावर होती आणि मॅडमना या कामासाठी फोन करणं म्हणजे वाघाला शाकाहाराचं विचारणं. तेव्हा धर्माजींच्याच फोनवरून, चार माणसं जातात त्याच वाटेने, त्यांना बाहेर काढायचं ठरलं. पण ते पान उघडून बराच वेळ झाला होता, त्याने पासवर्ड पुन्हा मागितला. पासवर्ड सुमितकडे. सुमित मीटिंगमध्ये. सुमितला परत फोन, तर पासवर्ड त्यालाही आठवेना. नवा मागितला, तर त्याचा ओटीपी सुमितच्या जुन्या मोबाइलवर गेला आणि तो मोबाइल सुमितची बायको वापरत होती. तिला फोन लागला तेव्हा ती पोळ्या करत होती. एवढं होईपर्यंत टायरवाल्याचा पोऱ्या दोनदा चहा देऊन गेला.

शेवटी तो प्रश्न आला. धर्माजींचा अंगठा बारीक अक्षरांवर येऊन थांबला. त्यांनी उज्वलाकडे पाहिलं. “दाबू का?”

“दाबा, बाबा. रियाला काही वाटणार नाही.”

त्यांनी दाबलं. पुढे कारण विचारलेलं होतं आणि ते दिल्याशिवाय सुटका नव्हती. पर्याय तीनच. मला निसर्ग आवडत नाही. मला कुटुंबासोबत वेळ घालवायचा नाही. मी परदेशी स्थायिक झालो आहे. ‘इतर’ असा एक होता, पण लोक त्यात काहीबाही लिहितात म्हणून मॅडमनी काढायला लावला होता.

“निसर्ग आवडत नाय असं कसं लिहून द्यायचं,” धर्माजी म्हणाले. “उद्या कोणी वाचलं तर?”

“कोणी वाचत नाही.”

“तरी पण.”

जानकीबाईंनी दुसऱ्या पर्यायाकडे बोट दाखवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. धर्माजींनी लगेच तिसरा दाबला.

“परदेशी,” जानकीबाई म्हणाल्या. “नेरळात.”

पडद्यावर आलं की विनंती मिळाली, आठवड्याभरात विचार होईल. या आठवड्यात ‘शेवटची संधी’ म्हणून दिवसाला दोन पत्रं जातात, हेही उज्वलाने सांगून टाकलं. धर्माजी म्हणाले, चालेल, आता शेवट ठाऊक आहे म्हटल्यावर वाचायला हरकत नाही. जाताना दोघांनी जय भीम केला. उज्वलानेही केला.

गोष्ट इथे मिटली असती. पण धर्माजी कृतज्ञ माणूस. त्यांनी बिल्डिंगमध्ये सांगितलं की कुंभिवलीला एक पोरगी आहे, ती माणसाला यादीतून सोडवते. पुढच्या सोमवारी चौघं आली. त्याच्या पुढच्या सोमवारी खुर्च्या पुरेनात. कोणाला ‘सावलीशिवार’चीच पत्रं येत होती, कोणाला कर्ज देणाऱ्यांची, कोणाला गुडघ्याच्या तेलाची. गिरणीवाल्या ठकीमावशींना इंग्रजी बोलायला शिकवणारे कोणी रोज लिहीत, तेही इंग्रजीत. एका बाईंच्या फोनवर त्यांच्या सासूच्या नावाने साडीच्या दुकानाच्या शुभेच्छा यायच्या. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. उज्वलाने विचारलं, काढू का? बाईंनी शुभेच्छा पुन्हा एकदा वाचल्या. म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत ऱ्हाऊ दे.”

उज्वला प्रत्येकाशेजारी बसून ती मुंगी शोधून देई. सगळ्या कंपन्यांच्या कड्या थोड्याफार सारख्याच निघाल्या. कोणी रडत होतं, कोणी सूट देत होतं, एकीकडे तर उदास मांजराचं चित्र होतं. माणसं पासवर्डापाशी अडत, हे तिला समजत होतं. पण निम्मी माणसं पासवर्ड असूनही अडत. आपल्याला जाऊ नका म्हणणाऱ्याकडे पाठ कशी फिरवायची, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लग्नघरातून निघतानासुद्धा ती तीनदा निघत.

अशाच एका सोमवारी विनितामॅडम अचानक आल्या. जिन्यापर्यंत माणसं बसलेली पाहून त्या दारातच थबकल्या.

“एवढे वॉक-इन ग्राहक?” त्या हळूच म्हणाल्या. “आणि तू मला बोलली नाहीस?”

उज्वला काही बोलायच्या आत मॅडमनी सगळ्यांना नमस्कार केला, वडापाव मागवला, नकाशा उघडला आणि प्लॉटची माहिती द्यायला सुरुवात केली. नेरळकरांनी एकमेकांकडे पाहिलं. पण बाई एवढी मनापासून सांगते आहे, मध्ये कसं उठायचं? साइट बघायला चलता का म्हटल्यावर नाही तरी कसं म्हणायचं? गाडी भरून सगळे पळसदरीला गेले, उतारावर उभं राहून हवा खाल्ली, जेवले, मॅडमना फार छान आहे म्हणाले आणि संध्याकाळी परत येऊन उज्वलाकडून नावं काढून घेतली. पुढच्या सोमवारी त्यांनी पाहुणेही आणले.

महिन्याअखेर मॅडम हिशोब बघायला बसल्या. सोमवारचे लोक घरी जाऊन इतरांनाही वाट दाखवत होते, त्यामुळे यादी बरीच आटली होती. पण उरलेल्यांत पत्र उघडून वाचणाऱ्यांचं प्रमाण इतकं वाढलं होतं की मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“काय केलंस तू?”

“ज्यांना नको होतं त्यांना जाऊ दिलं,” उज्वला म्हणाली. आता नोकरी जाते की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण बोलून मोकळं वाटलं. “ते सोमवारचे लोक प्लॉट घ्यायला येत नव्हते, मॅडम.”

मॅडमनी हिशोबाचं पान मिटलं. खाली टायरवाल्याचा हातोडा चालू होता. मग त्यांनी पर्समधून आपला फोन काढून टेबलावर ठेवला.

“एक गादीवाला आहे. रोज पाठवतो. माझी गादी घेऊनसुद्धा झाली.”

उज्वलाने ओळ शोधून दिली, मॅडमनी दाबली. पडद्यावर आलं, “विनिता, हा निर्णय घेताना तुमच्या पाठीला विचारलंत का?”

मॅडमनी ते दोनदा वाचलं. “चांगलं लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

“काढू?”

“थांब जरा.” त्यांनी फोन परत पर्समध्ये टाकला. निघताना जिन्यातून म्हणाल्या, “आपलं ते नाव काढायचं बटण मोठं कर. पण एकदम हिरवं नको.”

त्या दुपारी उज्वलाने आपली वाक्यं एकेक करून पुसली. शेवटी एवढंच उरलं: नाव काढायचं असेल तर इथे दाबा. ते फारच उघडं वाटलं, म्हणून तिने पुढे ‘धन्यवाद’ लिहिलं आणि मग तेही खोडलं. सहीच्या जागी रिया पुसून उज्वला लिहिलं. ते करायला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी बरेच लोक गेले. जे राहिले त्यांच्यातल्या बदलापूरच्या एकाने उलट पत्र लिहून विचारलं, साइटवर उन्हाळ्यात पाणी असतं का? उज्वलाने साइटवर फोन करून विचारलं आणि कळवलं, मार्चपासून टँकर. त्याने आभार मानले आणि नाव काढून घेतलं.