अकरा डिसेंबरची तार

एखाद्याचे दुःख टळावे म्हणून त्याच्याच नावाचा कागद त्याच्यापासून लपवून ठेवणे, हे करुणेचे कृत्य म्हणावे की अपहाराचे, याचा निवाडा सोपा नाही. लपवणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. पण दुसऱ्याच्या वाट्याचे सत्य आपल्या खिशात किती वेळ ठेवावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नसतो. तरीही भिणाऱ्या माणसाला दोष देताना बोलणाऱ्याची जीभ जड व्हावी, असे काही प्रसंग असतात. एकोणीसशे एकाहत्तर सालच्या डिसेंबरात पाटण तालुक्यातल्या एका लहान गावच्या आकाराम पोस्टमनावर असा प्रसंग आला.

त्या शनिवारी सकाळी नऊच्या एस.टी.ने टपालाची थैली आली. आकारामने ती सोडली. चार पोस्टकार्डे, एक मनिऑर्डर आणि तळाशी तारेचा बंद लखोटा. वरचे नाव त्याने दोनदा वाचले. नाव बनुबाईचे होते, आणि आजची तारीख अकरा डिसेंबर होती.

चार वर्षांपूर्वी याच तारखेला पहाटे कोयनेच्या खोऱ्यातली जमीन हादरली होती. गाव झोपेत होते. आकारामची आई भिंतीखाली गेली. शेजारच्या बनुबाईचा नवरा आणि धाकटी लेक गेली. तिचा थोरला मुलगा जोतीराम गुऱ्हाळावर वस्तीला होता, म्हणून वाचला. पुढच्या वर्षी नेमक्या त्याच तारखेला एका घरी मुंबईहून मरणाचे पत्र आले, आणि गावाचा धीर सुटला. तेव्हापासून गावाने आपला एक नेम केला. अकरा डिसेंबरला कोणी छपराखाली थांबायचे नाही. चुली खळ्यावर मांडायच्या. कोणी कोणाला बातमी सांगायची नाही, आणि आलेले टपाल बारा तारखेला वाटायचे. श्राद्धे तिथीनेच होत. मार्गशीर्ष शुद्धातली ती तिथी पंधरवड्यापूर्वी होऊन गेली होती, पिंडदानही यथासांग झाले होते. पितर तृप्त झाले असतील. भय मात्र तिथी मानीत नव्हते, ते इंग्रजी तारखेने येत असे. सीमेवर युद्ध पेटून आठ दिवस झाले होते, देश रेडिओला कान लावून बसला होता. या गावचा एकुलता रेडिओ मात्र आज घोंगडीत गुंडाळून ठेवला होता.

आणि बनुबाईचा जोतीराम दोन वर्षांपासून मराठा पलटणीत शिपाई होता.

आकारामने लखोटा खाकी कोटाच्या आतल्या खिशात सारला. तार म्हणजे मरण, एवढेच गावाला ठाऊक होते. उद्या देऊ, त्याने मनाशी ठरवले. एक दिवस तिला सुखाचा मिळेल. खळ्यावरून जाताना बनुबाई भाकरी थापताना दिसली.

“काय रं आकाराम,” ती हसून म्हणाली, “आज कशाला कोट चढवून हिंडतुयास? सायेब झालास जनू! आज तुजी सुट्टी न्हवं?”

“व्हय आत्ती, सुट्टीच हाय,” तो म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांकडे न पाहता पुढे गेला.

दोन तास तो ओढ्याच्या काठाने नुसता भटकला. पान हलले तरी दचकत होता. अकराच्या सुमारास आज पटांगणात भरलेली शनिवारची शाळा सुटली, तेव्हा त्याची पावले आपोआप तिकडे वळली. नानासो मास्तर एकटेच बाहेर मांडलेल्या बाकांवरची धूळ झटकत होते. ते रोज फळ्यावर दिनविशेष लिहीत. आज फळा काळाभोर होता. गावाचीच तशी आज्ञा होती.

“मास्तर, आजच्या तारखेचं तुमच्या वहीत काय काय लिवलंय?” आकारामने विचारले.

मास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. मग टेबलाच्या खणातून वही काढली आणि चष्मा लावून सावकाश वाचू लागले. “एकोणीसशे छत्तीस. इंग्लंडच्या राजाने गादी सोडली. शेहेचाळीस. दिल्लीत घटना समितीने राजेंद्रबाबूंना अध्यक्ष निवडले. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या मुलांसाठी निधी उभारला. सदुसष्ट...” त्यांनी वही मिटली. दुसरीच्या वर्गातली चार नावे त्या पहाटेनंतर हजेरीत पुन्हा उच्चारली गेली नव्हती.

“मंजी चांगलंबी झालंय ह्या दिशी,” आकाराम पुटपुटला.

“दिवस चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो. खिशावरचा हात काढ, आकाराम. काय आहे तिथे?”

लखोटा टेबलावर आला. मास्तरांच्या हातातले फडके खाली पडले.

“तुमी उघडा. तुमास्नी इंग्रजी येतंय.”

“हा बनुबाईचा आहे. उघडायचा तर तिच्यासमोर, आणि आजच.”

“आज? गाव मला उभा चिरंल, मास्तर.”

“चिरेल कदाचित. मलाही भीती वाटते. चल, दोघे मिळून भिऊ.”

खळ्यावर त्या दोघांना बरोबर येताना पाहून बायकांचे बोलणे थांबले. बनुबाईची नजर लखोट्यावर पडली, आणि तव्यावरची भाकरी करपू लागली तरी तिचा हात हलला नाही.

म्हातारी रंगुबाई कडाडली, “आकाराम, सोताची आय ह्याच दिशी गेली न्हवं तुजी? आनि आज बातमी घिऊन आलास? लाज न्हाई वाटली रं?”

“उद्या,” बनुबाई मागे सरकत म्हणाली. “मास्तर, पाया पडते तुमच्या. आज अकरा हाय. माजा जोती उद्यापातूर तरी जित्ता ऱ्हाऊ द्या.”

आकाराम तिच्यापुढे मातीत गुडघ्यांवर बसला. “आत्ती, सकाळी नऊपास्नं ह्यो जाळ मी खिशात घिऊन फिरतुया. मगाशी तुमच्याशी खोटं बोललो. ह्यात काय हाय ते मला ठावं न्हाई. पन तुमच्या पोराचं हाय. माज्या खिशात नगा ठिवू त्येला.”

बनुबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले. “वाचा.”

मास्तरांनी लखोटा फोडला. कागद दोन्ही हातांनी धरून ते मराठीत सांगू लागले. “अकरा तारखेला दुपारी तीन वाजता कराड स्टेशनावर आमची गाडी थांबेल. आई, ये. जोतीराम.”

कोणालाच काही उमजेना. मास्तरांनी पुन्हा वाचले. “तार काल संध्याकाळी मिरजेहून केली आहे. बनुबाई, पोरगा सुखरूप आहे. आघाडीवर निघाला आहे.”

बनुबाईने एक हुंदका दिला आणि लगेच विचारले, “किती वाजलं?”

पावणेबारा झाले होते. कराडची दहाची एस.टी. केव्हाच गेली होती आणि पुढची दोनला होती. लखोटा वेळेवर दिला असता तर ती आत्ता गाडीत बसलेली असती, हे आकारामला कळले, आणि सकाळपासूनच्या भयाहून मोठे भय त्याच्या छातीत शिरले.

तो सडकेवर धावला, मागोमाग बनुबाई. तासाभराने उसाने भरलेला एक ट्रक दिसला, तेव्हा तो दोन्ही हात पसरून आडवाच उभा राहिला. भाऊसो ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. “मरायचं आसंल तर दुसरा ट्रक बघ की गड्या! मला कारखान्यावर नंबर लावायचाय.” पण सगळे ऐकल्यावर त्याने मुकाट्याने केबिनचे दार उघडले. बनुबाई आत बसली. आकाराम उसावर चढला.

लादलेला ट्रक चढावर कण्हत होता. प्रत्येक चढाला आकाराम आपले ते दोन तास मोजत होता. वाटेत एक चाक बसले; ते बदलेपर्यंत तो सडकेकडे पाठ करून उभा राहिला.

ओगलेवाडीला, कराडच्या स्टेशनाबाहेर ट्रक थांबला, तेव्हा तीन वाजून गेले होते. फलाटावर लष्करी गाडी उभी होती. गावोगावच्या बायका खिडक्यांतल्या जवानांना कुंकू लावत होत्या, भाकरीची गठुळी देत होत्या. तेवढ्यात शिट्टी झाली.

“जोतीऽऽ!” बनुबाई धावत सुटली. गाडी हलली. शेवटून तिसऱ्या डब्यातून एक हात बाहेर आला, मग ओळखीचा चेहरा. कपाळापर्यंत तिचा हात पोचला नाही. तिने त्याची बोटे घट्ट धरली.

“आये, आजच्या दिशी तार घेतलीस?” जोतीराम आश्चर्याने म्हणाला. “आज अकरा हाय, येशील आसं वाटलं न्हवतं. लय वाट बघितली.”

बनुबाईने एकवार मागे पाहिले. आकाराम खांबाला धरून धापा टाकत उभा होता. तिने मान वळवली. “उसाचा ट्रक हुता रं लेकरा, सावकाश आला. जा. जपून जा.”

बोटे सुटली. गाडी पुण्याच्या दिशेने निघून गेली, आणि रूळांचा आवाज थांबल्यावरही ती तिथेच उभी राहिली.

“आता माज्या जोतीचं काय हुईल रं, आकाराम?” तिने हळूच विचारले. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

त्या डब्यांतून गेलेल्या सर्व पुत्रांचे रक्षण होवो. फलाटावर थांबलेल्या त्या मातेला धैर्य लाभो. भयाने चुकलेल्या आणि भीतभीतच सावरलेल्या त्या टपालवाहकाचे, आणि त्याच्यासोबत भिण्यास सिद्ध झालेल्या गुरुजींचे कल्याण असो.