घरचा वाफा

प्रदूषण तपासणारे साहेब कधी येणार हे कारखान्याला आधीच कळायचं. नियमच तसा, आधी नोटीस आणि मग तपासणी. मग काय, त्या दिवशी धातूला मुलामा देणाऱ्या अंबडच्या प्लेटिंग कारखान्याचं नाल्यात सोडलेलं सांडपाणी बंद, आणि मालनबाईच्या मळ्याकडेचा नाला अगदी सोवळ्यातला. एरवी त्यावर हिरवट फेस असायचा, वासानं डोकं उठायचं. आणि ह्याला तपासणी म्हणायचं!

"आई, आज तोंड उघडू नको," समाधाननं सकाळीच बजावलं होतं. पोरगा त्याच कारखान्यात कामाला. "कारखान्याला टाळं लागलं तर माझी नोकरी गेली समज."

मालनबाईचा सगळा मळा नाल्याला इंजिन लावून भिजायचा. दुसरं पाणी होतंच कुठं? विहिरीचं होतं ते घरामागच्या एका वाफ्यापुरतं. घरात शिजायची ती भाजी त्या वाफ्यातली. आजूबाजूच्या सगळ्याच मळ्यांत असा एकेक घरचा वाफा होता, आणि त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नव्हतं.

साहेब आले. माणूस भला होता. नाल्याचं पाणी बाटलीत भरून त्यांनी उजेडात धरलं.

"स्वच्छ दिसतंय. तुमची काही तक्रार, मावशी?"

समाधान तिच्याकडं रोखून बघत होता.

"नाय," ती म्हणाली.

साहेब निघाले. आता मळ्यात आलेला माणूस रिकाम्या हातानं जातो होय? मालनबाई सवयीनं विळा घेऊन घरच्या वाफ्याकडं वळली.

"अहो, तिकडचा नको. हा बघा केवढा रसरशीत आहे," साहेबांनी नाल्याकडचा पालक दाखवला. "पोरगी नुकती काविळीतून उठलीय. डॉक्टर म्हणाले, पालेभाजी द्या."

"त्यातलाच काप की," समाधान घाईघाईनं म्हणाला.

तिनं कापला, जुडी बांधली, हात पुढं केला. साहेबांनी जुडी धरली, पण हिची बोटं काही सुटेनात. आजारातून उठलेली पोर ती. म्हातारीचा जीव कासावीस झाला.

"ही नका नेऊ, साहेब. हे आम्ही खात नाय."

समाधानचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब जुडीकडं बघत राहिले.

"मग कोण खातं?"

बांधापलीकडं टेम्पो उभा होता, त्याच पालकाच्या पाट्यांनी भरलेला, शहरात गंगापूर रोडला विकायला निघालेला. तिथल्या बायका वाट बघायच्या तिची. तुझ्यासारखी ताजी भाजी कुणाची नाही, म्हणायच्या. मालनबाईला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

साहेबांनी बाटलीतलं पाणी ओतून दिलं. जुडी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं, वर तपासणीच्या नमुन्याची चिठ्ठी लावली.

"पाण्याला नोटीस पोचली होती," ते म्हणाले. "पालकाला नाही पोचलेली."

ते गेल्यावर समाधान मटकन खाली बसला. "आई, काय केलंस हे? माझी नोकरी घालवलीस."

"अन् माझा मळा," मालनबाई टेम्पोवर चढत म्हणाली. "ऊठ. पाट्या उतरवून घे."